साठ पोती वाळू

“हा ब्रॅकेट मी पास करणार नाही.” विमान-चाचणी शेडचे प्रमुख आप्पासाहेब यांनी तिसऱ्यांदा फाईल परत सरकवली.

इंजिनिअर सूर्यभानचं डोकं सणकलं. विमानाचा पंख धडाला जोडणारा हा ब्रॅकेट त्याने वजन वाचवायला ॲल्युमिनियमचा आणि निम्म्या जाडीचा आखला होता. सत्तर सालापासून तो मुंबईच्या कॉम्प्युटरला आकडे भरवायच्या भोकं पाडलेल्या कार्डांची खोकी घेऊन एस.टी.ने नगर-मुंबई हेलपाटे घालत होता. एक कार्ड मागेपुढे झालं की महिना पाण्यात. एवढं करून कॉम्प्युटरने कौल दिला होता : साठ पोती वाळूचा भार पेलेल.

“साहेब, आकडे बघा तरी.”

“आकडे परदेशी पुस्तकातल्या धातूचे. आपल्याकडे दर खेपेला धातू वेगळा येतो. उद्या पंख निखळला तर वैमानिकाच्या घरी तुम्ही जाणार का?”

पुन्हा तेच रडगाणं! हा माणूस खुर्ची सोडेपर्यंत इथे नवं काही घडायचं नाही. सूर्यभान इरेला पेटला.

“मग चढवा पोती. मोडला तर राजीनामा देतो.”

सोमवार ठरला. दिल्लीचे साहेबही यायचे होते.

“घोर करू नका,” शेडचे म्हातारे मिस्त्री छगनमामा म्हणाले. तेही सूर्यभानच्याच तिसगावचे. “आमी हाय ना.”

सोमवारी पंखावर पोती चढू लागली. तीस झाली. पन्नास झाली. सूर्यभान पुटपुटत एकेक पोतं मोजत होता. साठावं पोतं ठेवलं, तरी ब्रॅकेट जागचा हलला नाही.

“माझंच चुकलं,” आप्पासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्यांनी सही केली. कागद घेऊन दिल्लीच्या साहेबांची जीप तडक कारखान्याकडे निघाली. नव्या बारा विमानांना आता हाच ब्रॅकेट बसणार होता.

सूर्यभानला रडू फुटायचं बाकी होतं. तो मामांच्या पाया पडला.

मामांनी त्याला बाजूला घेतलं. “मोठं साहेब येनार असलं, की आमी समदं आदी एकदा करून बगतो. न्हाईतर लई फजिती व्हती. आज लावला त्यो म्या काल पोलादाचा घडवला, वरून तसाच रंग दिला. गावच्या पोराची नोकरी कशी जाऊ द्यायची? तुमचा तर शनिवारीच तिसाव्या पोत्याला मोडला हुता.”