डोक्यावरची पाच मिनिटं

"मॅडम, कोटावर मीठ सांडलंय," समोरच्या पक्षाचे वकील भर कोर्टात म्हणाले आणि सगळे हसले. वृषालीने खांदे झटकले, पण काळ्या कोटावरचा कोंडा काही लपेना.

तिचं डोकंच फिरलं. लिंबू चोळून झालं, दही थापून झालं, सासूबाईंच्या हट्टापायी कापूर घातलेलं तेलही जिरवून झालं. औषधी शॅम्पू आणला, त्यालाही तीन महिने झाले. खाज होती तशीच! संध्याकाळी तिने ती बाटली त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटली.

"हे औषध खोटं आहे!"

"लावल्यावर किती वेळ ठेवता?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

"ठेवते कसली? लगेच धुऊन टाकते. सकाळी सगळ्यांचे डबे करायचे असतात."

"पाच मिनिटं डोक्यावर राहू दिलं तरच ते काम करतं. बाटलीवरच लिहिलंय."

दुसऱ्यांच्या कागदांतली ओळन् ओळ वाचणाऱ्या वृषालीने बाटली उचलून मागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाथरूमची कडी लावली, डोक्याला फेस केला आणि तीनशेपर्यंत मोजायला घेतलं. चाळीसला नवऱ्याने दार वाजवलं, "अगं, माझे मोजे कुठायत?" नव्वदला लेक ओरडली, "आई, वेणी!" दोनशेला सासूबाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "वृषाली, चक्कर-बिक्कर आली का गं?"

दोनशे नव्व्याण्णव. तीनशे.

वृषालीने नळाकडे नेलेला हात मागे घेतला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.