डाव्या चाकापाशी

अंघोळ झाल्यावर, पूजेला बसायच्या आधी, लतिकाने अंगणात उभ्या गाडीचे बॉनेट उघडले आणि ब्रेक ऑइलच्या डबीत सिरिंज बुडवली. अमोघला लहानपणी औषध पाजायची ती सिरिंज. तेल डबीवरच्या खालच्या रेघेच्याही खाली गेले, तेव्हा ती थांबली. काढलेले तेल तिने पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सोडले. थोडे टायरवर, बाकीचे फरशीवर. बॉनेट लावले, गाडीची किल्ली कमरेला खोचली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

खोटे बोलायचे नाही, हा तिचा नेम होता. आज तर गुरुवार. दिवेलागणीपर्यंत मौनच.

दहाच्या सुमाराला धाकटे दीर आले. बाळकृष्ण, रेल्वेतून रिटायर झालेले इंजिनिअर. लतिकाच्या मुलीने, देविकाने, गेल्या आठवड्यात जुनी गाडी विकत घेतली होती. ती तिला समजावून द्यायला ते आलमबागहून विकास नगरला आले होते. हातात मलिहाबादच्या दशहरीची पेटी.

"वहिनी, यंदा तरी आंबा खाणार ना? का अजून बंदच?" मग व्हरांड्यात पेपर वाचणाऱ्या थोरल्या भावाकडे वळून हसले. "दादा, मी मुद्दाम गुरुवारी येतो. या घरात गुरुवारी कुणी उलटून बोलत नाही."

लतिकाने पेटी घेतली, कोपऱ्यात ठेवली आणि दारातली अर्धी राहिलेली रांगोळी पुरी करायला बसली.

तीन वर्षांपूर्वी घरची गाडी पंधरा दिवस बाळकृष्णांकडे होती. ज्या सकाळी त्यांनी ती परत आणून लावली, त्याच दुपारी अमोघ ती घेऊन मलिहाबादला निघाला आणि रस्त्यात उभ्या ट्रकखाली गेला. तेराव्याला भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "गाडी फर्स्ट क्लास होती. पोरगाच बेफाम." लतिकाच्या नवऱ्याने, आत्मारामांनी, ते खरे मानले. मुलाचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. तो देवघराखालच्या कप्प्यात पालथा असे. आज सकाळी लतिकाने त्याच्याशेजारी हातोडी आणि एक खिळा ठेवला होता.

बाळकृष्णांनी बॉनेट उघडले. "हा रेडिएटर. इंजिनाचं डोकं थंड ठेवतो, तुझ्या आईसारखा. ही बॅटरी, गाडी स्टार्ट करते. आणि हा अल्टरनेटर, चालत्या गाडीत बॅटरीला परत भरतो."

"अच्छा. और ये छोटी डिब्बी?" देविकाने विचारले. इथेच वाढलेली, तिच्या तोंडात हिंदीच.

"ब्रेक ऑइल. पेडल तू दाबतेस, पण तो दाब चाकापर्यंत नेतं ते हे तेल. हे नाही तर..." ते वाकले. "अगं, ही तर रिकामी होत आलीय!"

ते लगेच गुडघ्यांवर बसले. चाकामागे हात घातला, बोट भिजवून नाकाशी नेले. चेहरा खुलला.

"हे बघ! इंजिन ऑइल असतं तर काळं असतं. एसीचं असतं तर नुसतं पाणी. चाकापाशी असं पिवळं दिसलं की ब्रेक. आंधळ्यालाही कळेल."

"काका, आज ही हुआ क्या?"

"छे! एवढं एका दिवसात गळत नाही. आठ-दहा दिवस लागतात."

"तो मुझे पता क्यों नहीं चला?"

"तू अजून चालवतेस कुठे? रोज चालवणाऱ्याला बरोबर कळतं. पेडल मऊ लागतं, दोन-दोनदा मारावं लागतं. पायाला कळलं नाही असं होऊच शकत नाही. आणि कळूनही दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची, म्हणजे..."



व्हरांड्यातला पेपर खाली आला होता.

"म्हणजे काय, बाळ?" आत्मारामांनी विचारले.

"नाही दादा, मी आपलं या गाडीबद्दल..."

"पंधरा दिवस तू रोज चालवलीस."

"पेडल थोडं मऊ होतं, नाही असं नाही. पण ब्रेक लागत होता. मला वाटलं, अमोघ दाखवून घेईल मेकॅनिकला."

"त्याला सांगितलंस?"

बाळकृष्णांनी खिशातून रुमाल काढला आणि बोट पुसत राहिले. स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. देविकाने बॉनेट सोडले. ते दाणकन पडले.

आत्मारामांनी पेपरची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि ते आत गेले.

बाळकृष्ण कसेबसे उठले. पँटच्या गुडघ्यावर तेलाचा डाग होता. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही तरी दादाला समजवा. तुमचं ऐकतो तो. बोला ना काहीतरी!"

लतिकाने मान वर केली. त्यांच्याकडे नीट पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

मग रांगोळीची एक मूठ भरून ती उठली आणि चाकापाशी सांडलेल्या तेलावर टाकली. पांढरी भुकटी हळूहळू पिवळी पडत गेली. आत बैठकीच्या भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज येऊ लागला. तिने दुसरी मूठ भरली.