ठिपका आणि काडी

या, जरा पुढे सरकून बसा. सकाळपासून शोधूनही न सापडलेल्या एका ठिपक्याची कथा सांगायची आहे.

"नाही," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच प्रयोगशाळेतली इरासिल्दा म्हणाली. ही सहावी काच. पितांगा कुत्रीच्या मागच्या पायाच्या गाठीतून सुईने काढलेला थेंब, जांभळा रंगवलेला. पेशीच पेशी. पण हवा होता तो, काळ्या आजाराचा जंतू नाही. लंबगोल, पोटात एक ठिपका, ठिपक्याशेजारी काडी. तिची मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी पत्ता नाही.

बाकावर दोना फिलोमेना कुत्रीला मांडीशी धरून बसल्या होत्या. त्यांची नात लुझिनेत सव्वा महिना तेरेझिना शहराच्या इस्पितळात तापाने फणफणत होती. पोट मडक्यासारखं फुगलेलं. हाडातला मगज तपासला, त्यात वाळूमाशी चावून कुत्र्यांकडून माणसांना होणारा तो काळा आजार दिसला नाही. आता डॉक्टर रक्ताचा कर्करोग म्हणत होते. सोमवारपासून त्याची जहाल औषधं सुरू होणार होती. घरच्या कुत्रीत जंतू दाखवा, मग पोरीला पुन्हा सुई टोचतो, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

फिलोमेनांनी विनवलं, आणखी एकदा बघ. इरासिल्दा चिडली. जंतू काय मी पदरात बांधून ठेवलेत, म्हणाली. मग स्वतःचीच लाज वाटून ती उठली आणि कुत्रीपुढे उकिडवी बसली. अंग तेल लावल्यासारखं तुकतुकीत. पण नखं? पोपटाच्या चोचीसारखी वाकून वाढलेली. आजारी कुत्रीचं अंग असं चमकत नाही. निरोगी कुत्रीची नखं अशी वाढत नाहीत.

"दोना फिलोमेना, हिला खायला काय घालता?"

"आम्ही खातो तेच. भात, मासळी."

"आणि?"

म्हातारीने पितांगाला आणखी जवळ ओढलं.

"माझ्या गाउटच्या, सांधे सुजतात त्याच्या गोळ्या. रोज एक. वर्ष झालं."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी पितांगाचे केस झडले, तेव्हा बाजाराला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरने काळा आजारच सांगितला होता. असली कुत्री सरकारी गाडी मारायला घेऊन जाते, ती परत येत नाहीत. कुणीसं म्हणालं, या गोळ्यांनी आजार दबतो. दबला. लुझिनेतने आजीला संत लाझारोपुढे, कुत्र्यांच्या त्या राखणदारापुढे, शपथ घ्यायला लावली होती: कुणाला सांगायचं नाही. काचेवर जंतू सापडला असता, तर शपथ न मोडताच नात वाचली असती.

इरासिल्दाला ओरडावंसं वाटलं. ज्याला लपवायला गोळ्या चारल्या, त्यालाच ती सकाळपासून शोधत होती. ओरडण्याऐवजी तिने इस्पितळाला फोन लावून गोळ्यांचं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी आधी कुरकुर केली, मग शनिवारी पुन्हा सुई घातली. पोरीच्या हाडातल्या मगजात, पहिल्याच काचेवर, ठिपका आणि काडी.

सरकारी गाडी आली, तेव्हा फिलोमेनांनी पितांगाला स्वतः उचलून आत ठेवलं. लुझिनेत बरी होऊन घरी आली. खाते, पळते, शाळेत जाते. आजीशी मात्र अजून एक शब्द बोलत नाही.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या आजीलाही आठवा.