सरकलेलं कलम

भिंतीपलीकडे शेजारच्या नेनिताचं शिलाई मशीन खडखडलं आणि मारिविकने दचकून झोळीकडे पाहिलं. बाळ हललं, पण उठलं नाही. तिने पायानेच झोळीला झोका दिला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"सर, आहात ना?"

लुमिबाओ सर होते. दुपारचे पान्सित खात होते. शेवया सुर्रकन ओढल्याचा आवाज येत होता. कायद्यांचे मसुदे करणाऱ्या कार्यालयाचे ते प्रमुख, मारिविक त्यांच्या हाताखालची वकील. शाळाप्रवेशाचा नवा कायदा मंजूर झाला होता. आज त्याची प्रत सह्यांना जायची होती, आणि तोवर आकड्यांच्या, छपाईच्या चुका दुरुस्त करायचा अधिकार सरांना होता.

शेवटच्या बैठकीत एका सिनेटरने मध्येच, चौथं म्हणून, एक नवं कलम घुसडलं होतं. आदर्श मुख्याध्यापकांना दरवर्षी पदक, तेही त्याच्या आजोबांच्या नावाने. त्यामुळे खालची सगळी कलमं एकेक घर सरकली. शेवटच्या कलमातला आकडा मात्र कुणी हलवला नाही. 'कलम सातमध्ये नमूद केलेल्यांना जन्मदाखल्याशिवाय शाळेत प्रवेश मिळेल.' दाखला नसलेली मुलं आता आठव्या कलमात गेली होती. सातव्यात होती स्वच्छतागृहं.

"म्हणजे आपण संडासांना शाळेत घेतलं, सर," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पोरं बाहेर."

सर मनापासून हसले. मग समजावू लागले. खात्याला कळतं काय म्हणायचंय ते, नियम करताना घेतील सांभाळून. आता सातला हात लावला की चारचा विषय निघणार, सिनेटर विचारणार माझ्या कलमात काय खोट आहे, आणि अधिवेशन तर आज संपतंय.

"खात्याला कळेल. शाळेच्या खिडकीतल्या बाईला नाही कळणार. ती छापलेलं वाचते आणि पोराला परत पाठवते. गेल्या जूनमध्ये शेजारच्या नेनिताच्या पोरीला, तिनायला घेऊन मीच उभी होते तिथे. तिचाही दाखला नाही."

"अगं, पण छापून झालंय आता."

"सकाळीही छापून झालं होतं. तेव्हा कसं थांबवलंत?"

फोनवर ताट सरकवल्याचा आवाज आला.

सकाळी त्याच सिनेटरच्या नावातलं मधलं अक्षर राहून गेलं होतं, आईच्या माहेरच्या आडनावाचं. ते गाळणं म्हणजे माणसाची आईच गाळणं. सर स्वतः छापखान्यात धावले होते. ते पान फाडून पुन्हा छापलं होतं.

"तेच पान, सर. वर शेवटचं कलम, खाली त्यांचं नाव. दुरुस्तीच्या कागदावर मी दोन्ही लिहिलं होतं. तुम्ही एकावर काट मारलीत."

"मारिविक." सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "लहान बाळ आहे तुझं. घरून काम करायची सवलत मीच दिलीये ना तुला? मग कशाला डोक्याला ताप करून घेतेस? प्रत गेलीसुद्धा सह्यांना."

फोन बंद झाला. तो भिंतीवर फेकून मारावा असं तिला वाटलं. झोळी संथ हलत होती, बाळाची एक टाच कापडाबाहेर आली होती. तिने फोन उशीवर ठेवला, टाच आत सरकवली. मग त्याच उशीवर मूठ मारली. पुन्हा मारली. आवाज होऊ न देता.

पलीकडचं मशीन थांबलं. थोड्या वेळाने दारात तिनाय आली. बाळ झोपलंय हे पाहून तिने चपला बाहेरच काढल्या आणि चवड्यांवर चालत आत आली. गळ्यात आईची मापाची टेप, हातात गणवेशाच्या निळ्या कापडाचा तुकडा. यंदा आपल्याला शाळेत घेणार, मावशीच्या ऑफिसात तसा कायदा होतोय, हे तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

ती मारिविकच्या अगदी कानाशी वाकली.

"मावशी, आई विचारतेय, स्कर्ट यंदाच्या मापाचा शिवू की पुढच्या वर्षीच्या?"