डब्यावरची पट्टी

"हौसाबाई, बर्फाला सुरी लावू नका हं. आतली नळी फुटली तर फ्रिज कामातून जाईल," चहा गाळता गाळता वहिनी म्हणाल्या. हौसाबाईंनी बटण बंद करून वायर काढली, खाली जुनी चादर अंथरली आणि गरम पाण्याचं पातेलं बर्फाच्या कप्प्यात ठेवलं.

थर सुटला तसा मागे चिकटलेला एक डबा मोकळा झाला. झाकणावर कागदाची पट्टी होती. या घरचे असे डबे त्या सहा वर्षं नेत होत्या, पण पट्टी कधी वाचली नव्हती. अक्षरं यंदाच, याच ओट्यापाशी, वहिनींनी शिकवली होती. त्यांनी पदराने पट्टी पुसली. ह, त्याला काना, वर दोन मात्रा. आपलं नाव! त्यांना हसू आलं. मग त्यांनी खालची ओळ बोटाने लावली.

"तो डबा घेऊन जा बरं का," वहिनी म्हणाल्या. "बासुंदी आहे, परवाचीच. नातीला आवडेल."

गेल्या महिन्यात इथून नेलेलं असंच परवाचं काहीतरी खाऊन नात दोन दिवस सलाईनवर होती. पाणी उकळून देत चला, असं वहिनींनीच तेव्हा बजावलं होतं.

हौसाबाईंनी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "वाचून दाखवते वहिनी, चुकलं तर सांगा." एकेका अक्षरावर बोट ठेवत त्या वाचू लागल्या. "हौसाबाईला. आंबलीय, आपण खायची नाही."

चूक एकही नव्हती.