सामंतांचा बूट

मानवजात परावलंबनातून कायमची मुक्त झाली, असं घोटा मोडलेल्यांना चालवणाऱ्या यांत्रिक बुटाच्या जाहिरातीत म्हटलं होतं. फक्त भाड्याच्या बुटातली आधीच्या पेशंटची वाट पुसायची राहिली होती. त्यामुळे औषधं आणायला एकट्या निघालेल्या प्रभाताईंना बुटानं एका अनोळखी दारात नेऊन उभं केलं.

आतल्या म्हाताऱ्यानं आधी बुटाला ओळखलं, मग कॅरमवरची धूळ झटकली.

"यात सामंत असायचे. रोज यायचे."

"मग?"

"बरे झाले. बूट परत केला. आता कशाला येतील?"

प्रभाताईंच्या घरी बोलायला फक्त फ्रीज होता, तोही ‘दार लावा’ एवढंच म्हणायचा.

"मला कुणाचा आधार लागत नाही," त्यांनी उंबऱ्यातूनच बजावलं. "तेवढा बुटाचा पट्टा सोडायला जरा हात द्या."