सात्या आणि दोन फोन

एकोणीस प्रश्न झाले तेव्हा दोन्ही सर्च इंजिनं बरोबरीत होती.

गुंजनच्या ओसरीत बाजेवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले होते. एकात जुनं, सगळ्यांच्याच फोनमध्ये असतं ते. दुसऱ्यात हुडक, कंपनीचं नवं. नागपूरच्या ऑफिसातून आलेले हेमेंद्र सर मांडीवर कागद घेऊन पेन्सिलीने गुण मांडत होते. गेले सहा महिने गुंजनने केशोरी गावातल्या बायांचं बोलणं रेकॉर्ड करून हुडकला शिकवलं होतं. बहुतेक वेळा पोरगी अंगावर पीत असताना. आज हुडक मागे पडलं तर कंपनी इकडची झाडीची बोली सोडून देणार होती, आणि गुंजनचं कामही तिथंच संपणार होतं.

"आखरी सवाल," सर म्हणाले. ते मूळचे गोंदियाचे, निम्मं हिंदीच बोलायचे. "पण ज्याची कुणाला खरंच गरज आहे असा विचारा. अमका मिनार किती उंच, तसलं नको."

शेजारची चंदा सुपात सात्या घेऊन दारात उभी होती. भादव्यात रानातल्या वारुळांवर उगवतात त्या अळिंब्या. त्या मंदाबाईला दाखवायला ती आली होती. मंदाबाई, गुंजनची सासू, चुलीजवळून उठतच होती.

"थांबा मावशी," चंदा म्हणाली. "आज ह्या दोघाइले विचारून पाहू. तुमी तं रोजच्याच हाव."

"विचार." मंदाबाई पुन्हा खाली बसली. "मी नाई बोलत."

चंदाने सुपाचा फोटो काढला आणि दोन्ही फोनांना एकच विचारलं, "ह्या सात्या खाच्या का नाई?"

जुन्याने क्षणही लावला नाही. खाण्यायोग्य. चविष्ट. मग नारळाचं दूध घालून करायची कृती, आणि एका बाईचा हसरा व्हिडिओ.

"नारळाचं दूध," मंदाबाई म्हणाली. "भेटते का आपल्या बाजारात?"

"मावशी, तुमी बोलणार नव्हत्या."

हुडक जरा थांबलं. मग म्हणालं, "फोटोत वरच्या छत्र्याच दिसून राहिल्या. एवढ्यावरून सांगता येत नाई. दांड्याचं बूड पाहा. बुडाशी वाटी असन तं खाऊ नका. गावातल्या जाणत्या बाईले दाखवा."

"हे तं माह्यं बोलणं होय," मंदाबाई म्हणाली. "म्याच सांगतलं होतं गुंजनले. पोरगी रडून राहिली होती तवा."

सरांनी जुन्याच्या रकान्यात एक लिहिला आणि हुडकच्या रकान्यात शून्य.

"सर, शून्य?" गुंजनने विचारलं.

"सांगता येत नाही म्हणालं ना ते. रूल आहे. उत्तर नाही तर झीरो." त्यांनी कागदावरून नजर उचलली नाही. "मला पण बरं नाही वाटत. पण ऑफिसात विचारतील ना, की लोक फोन उघडतात कशाला? गावात जाऊन विचारा, हे ऐकायला?"

पोरगी गुंजनच्या खांद्यावर झोपली होती. गुंजनने तिचं डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ते डोकं घामाने ओलं झालं होतं. तिने ते पदराने टिपलं.

"सर, तुम्ही आमच्याकडेच जेवणार ना?"

"हो. काऊन?"

"चंदा निम्म्या सात्या देते म्हणते. त्याच करते. कोणत्या फोनचं ऐकून रांधू?"

सरांनी सुपाकडे पाहिलं.

मंदाबाईने सूप आपल्याकडे ओढलं. एकेक सात्या उलटी करून, बुडाची माती बोटाने काढून ती बाजूला ठेवत गेली. बहुतेकींचं बूड उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं होतं. तीन तिने वेगळ्या काढल्या. वरून त्याही तशाच दिसत होत्या. बुडाशी मात्र पांढरी, फाटकी वाटी.

"ह्या कोठी भेटल्या तुले?"

"वारुळाच्या बाजूलेच होत्या." चंदाचा आवाज खाली आला. "लेकरं सकाळपासून मांगून राहिली मावशी."

मंदाबाईने त्या तीन उचलल्या आणि मागे जाऊन खड्डा करून पुरून आली. हात राखेने दोनदा धुतले.

जेवायला बसल्यावर सात्या एकट्या मंदाबाईच्या ताटात होत्या. सरांच्या ताटात वरण-भात आणि लोणचं.

"मला नाही?" सरांनी विचारलं.

"रानातली भाजी जिनं निवडली तिनं आधी खायची," गुंजन म्हणाली. "बाकीच्यांनी उद्या. आमच्या घरी असंच आहे."

"माझी तर चारची गाडी आहे वडशाहून."

"मंग वरणच खा, बाबू," मंदाबाई म्हणाली.

सर वरण-भात जेवले. पण त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. मंदाबाईचा हात ताटातून तोंडाकडे गेला की त्यांची नजरही जायची. मंदाबाई रोजच्यासारखी जेवत होती. शेवटी तिने बोटाने ताट पुसून घेतलं.

हात धुऊन सर बाजेवर येऊन बसले. कागद पुन्हा मांडीवर घेतला.

"गुंजन, खोडरबर आहे का घरात?"

घरात शाळेत जाणारं कोणी नव्हतं. चंदा आपल्या पोरांच्या दप्तरातलं घेऊन आली. सरांनी आधी जुन्याचा एक खोडला, मग हुडकचं शून्य. चुरा फुंकला. पेन्सिल दाबून लिहायची त्यांची सवय, त्यामुळे शून्याचा गोल वण कागदावर तसाच राहिला होता. त्या वणाच्या आत एक लिहायला त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं.